‘दफतरे’ म्हणजे मंजूर नव्हे : बडोद्यात नव्याने आलेल्यांसाठी सरकारी नकार वाचायची रीत

माझं माहेर साताऱ्याचं, सासर बडोद्याचं, रावपुऱ्यातलं. लग्न होऊन इथे आले तेव्हा वाटलं होतं की भाषेची अडचण फारशी येणार नाही. घरात मराठी, दांडिया बाजारात मराठी, भाजीवालीसुद्धा दोन वाक्यं मराठीत बोलायची. गुजराती अक्षरं महिन्याभरात लागायला लागली. शिरोरेषा काढून टाकली की निम्मी अक्षरं आपलीच.

सासरे गेल्यावर घराच्या कागदावर वारसांची नावं चढवायची होती. अर्ज मी स्वतः नेऊन दिला. तीनेक महिन्यांनी त्या कचेरीतून एक पानी पत्र आलं. घरात मीच ते मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटची ओळ अशी होती : ‘आपनी अरजीनो निकाल करी दफतरे करवामां आवेल छे.’ निकाल लागला आणि दप्तरात नोंद झाली, असा मी अर्थ लावला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी पुण्याला नणंदेला फोन करून काम झाल्याचं कळवलं आणि पत्र कपाटात जपून ठेवलं.

पुढे चार महिन्यांनी दुसऱ्याच एका कामासाठी प्रॉपर्टी कार्डाची नकल काढली, तर त्यावर अजून सासऱ्यांचंच नाव. शेजारचे काका निवृत्त अव्वल कारकून. त्यांच्यापुढे ते पत्र ठेवलं. त्यांनी चष्मा लावून फक्त शेवटची ओळ वाचली आणि म्हणाले, ‘बेन, आ तो फाइल बंध करी दीधी छे.’

‘निकाल’ म्हणजे अर्ज टेबलावरून हलवला. ‘दफतरे’ म्हणजे कपाटात ठेवून दिला. मंजूर केला नव्हता, नामंजूरही केला नव्हता. नणंदेचं सोगंदनामं, म्हणजे प्रतिज्ञापत्र, मागणारं एक पत्र त्याआधी निघालं होतं, ते आमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. उत्तर आलं नाही म्हणून फाइल बंद झाली. त्या चार महिन्यांत मला काहीतरी करता आलं असतं, आणि मी मात्र काम झालं म्हणून निवांत होते. नोकरीनिमित्त, लग्नानिमित्त बडोद्यात येणाऱ्या मराठी माणसावर ही वेळ येऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. तमिळ किंवा बंगाली माणूस इथे आला तर गुजराती कागद हातात पडताच तो कुणाकडून तरी वाचून घेतो. आपण घेत नाही, कारण शब्द ओळखीचे दिसतात. अर्ज, दाखला, नोंद, मुदत, हुकूम, दप्तर हे सगळं दोन्हीकडे आहे. फारसी-अरबी वळणाचे हे शब्द पेशवाईपासून गायकवाडांच्या कचेऱ्यांपर्यंत एकाच वाटेने आले. बडोदा संस्थानाला कारभाराच्या शब्दांची इतकी काळजी होती की सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ मध्ये, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ नावाचा कोश निघाला. त्यात इंग्रजी शासकीय शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द शेजारी शेजारी दिले आहेत. पण १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात गेलं, १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला, आणि तेच शब्द दोन राज्यांच्या कचेऱ्यांत आपापल्या वळणाने वापरले जाऊ लागले. चेहरा एक, अर्थ थोडा सरकलेला.

१. आधी शेवटचं क्रियापद वाचा

कागद हातात आला की ‘जणाववानुं के’ (कळवायचं की) इथपासून वाचत सुटू नका. गुजराती सरकारी वाक्य पाच-पाच ओळींचं असतं आणि नकार अगदी शेवटच्या शब्दात असतो. ‘आपनी रजूआत, सदर बाबते मळेल अहेवाल तथा नियमोनी जोगवाई ध्याने लेतां, ग्राह्य राखी शकाय तेम नथी.’ यातलं ‘नथी’ नजरेतून सुटलं तर बाकी वाक्य छान वाटतं : तुमचं म्हणणं आलं, अहवाल आला, नियम पाहिले.

म्हणून पेन्सिल घ्या आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटच्या तीन-चार शब्दांखाली रेघ मारा. ‘आवे छे’ की ‘आवती नथी’? ‘शकाय’ की ‘शकाय तेम नथी’? ‘पात्र छे’ की ‘पात्र जणाती नथी’? एवढं कळलं की अर्धं काम झालं.

इथेच एक उलटा सापळाही आहे. कागदावर ‘ना.’ असं दिसलं की नवखा माणूस घाबरतो. ‘ना. मामलतदार’ म्हणजे नायब मामलतदार, ‘ना. कलेक्टर’ म्हणजे नायब कलेक्टर, आणि ‘ना. कोर्ट’ म्हणजे नामदार कोर्ट. ही सगळी संक्षेपातली पदं नि मानाचे शब्द आहेत, नकाराशी त्यांचा संबंध नाही. तसंच ‘ना-वांधा प्रमाणपत्र’. त्यात ‘ना’ आहे, पण ती परवानगी आहे, आपल्याकडचं ना हरकत प्रमाणपत्र.

२. नकार कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मंजुरीला साधारण एकच शब्द असतो. मंजुरी न मिळण्याला डझनभर आहेत, आणि प्रत्येकाच्या पुढची वाट वेगळी आहे. चुकीची वाट धरली की महिने जातात.

नामंजूर. हा सरळ शब्द, अर्थ मराठीसारखाच. अधिकाऱ्याने अर्ज पाहिला, विचार केला आणि नाही म्हटलं. निर्णय झालेला आहे, त्यामुळे अपील करता येतं. नामंजूर वाचून मन खट्टू होतं खरं, पण काकांचं म्हणणं असं की सगळ्या नकारांत हा सर्वांत प्रामाणिक. यात कारण लिहावं लागतं, सही करावी लागते, तारीख घालावी लागते.

दफतरे, किंवा फाइले. मराठीत जुने लोक ‘दप्तरी दाखल’ म्हणायचे, मध्य प्रदेशातले नातेवाईक ‘नस्तीबद्ध’ म्हणतात. तोच हा प्रकार. अर्जावर होय-नाही न ठरवता तो बाजूला ठेवला. बहुतेक वेळा कारण तुमच्याकडून काहीतरी राहिलेलं असतं. अशा वेळी अपिलाच्या मागे लागण्याआधी जे राहिलंय ते जोडून फाइल पुन्हा चालू करण्याची विनंती करा. मी तसंच केलं. जुन्या अर्जाचा नंबर घालून, नणंदेचं सोगंदनामं जोडून एक पानी अर्ज दिला, आणि सात आठवड्यांत नावं चढली. नवा अर्ज केला असता तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं.

निकाल. मराठी माणसाला सर्वांत जास्त फसवणारा शब्द. आपल्याकडे निकाल म्हणजे काय ठरलं ते, दहावीचा निकाल, कोर्टाचा निकाल. इथल्या कचेरीत ‘अरजीनो निकाल’ म्हणजे अर्जाची निर्गत. तो मंजूर होऊन गेला, नामंजूर होऊन गेला की नुसता दुसऱ्या कचेरीकडे ढकलला, यातलं काहीच त्या शब्दातून कळत नाही. मराठीतल्या ‘निकाली काढला’ या प्रयोगाशी तो जास्त जवळचा. ‘निकाल’ वाचला की पुढचा प्रश्न तोंडपाठ ठेवा : ‘शुं निकाल थयो? मंजूर के नामंजूर?’

परत. अर्ज माघारी आला. सोबत बहुधा ‘पूर्तता अर्थे’ असं लिहिलेलं असतं. हा नकार नाही. ‘खूटता’ म्हणजे कमी पडलेले कागद लावून तोच अर्ज पुन्हा द्यायचा आहे. ऑनलाइन अर्जातही हाच फरक असतो. ‘रिटर्न’ दिसलं तर दुरुस्त करून पाठवा, ‘रिजेक्ट’ दिसलं तर आधी कारण वाचा. रिटर्न झालेला अर्ज तसाच पडून राहिला की त्याचं पुढे काय होतं ते माझ्या उदाहरणावरून कळलंच असेल.

रद. आपला रद्द. नामंजूर आणि रद यांत मोठं अंतर आहे. नामंजूर म्हणजे जे मागितलं ते दिलं नाही. रद म्हणजे जे होतं ते काढून घेतलं. नोंद रद झाली, परवानगी रद झाली, रेशनकार्डावरचं नाव रद झालं. असलेली गोष्ट काढून घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, हे न्यायाचं मूळ तत्त्व आहे. म्हणून ‘रद’ वाचलं की पहिला प्रश्न : मला नोटीस आली होती का, सुनावणीला बोलावलं होतं का? नसेल, तर अपिलात हाच मुद्दा सर्वांत वर लिहायचा.

वांधो. मराठीत ‘वांधे झाले’ म्हणजे सगळं बिघडलं. त्यामुळे टेबलापलीकडून ‘तमारी नोंध सामे वांधो आव्यो छे’ असं ऐकलं की पोटात गोळा येतो. इथे वांधो म्हणजे हरकत, इतकंच. कुणीतरी हरकत घेतली आहे, तुम्हाला उत्तर द्यायची संधी मिळणार आहे. जमिनीच्या नोंदीवर अशी हरकत आली की ती ‘तकरारी’ होते. हाही आपल्या ‘तक्रारी’सारखा दिसणारा शब्द, पण अर्थ वादग्रस्त असा. तुमच्याविरुद्ध कुणी तक्रार केली असा त्याचा अर्थ होत नाही.

काढी नाखवामां आवे छे. अक्षरशः काढून टाकला, म्हणजे फेटाळला. अपिलांवरच्या आणि दाव्यांवरच्या हुकमांत जास्त दिसतो. याच्या आधी ‘गेरहाजर रहेतां’ असेल तर तुम्ही तारखेला हजर नव्हता म्हणून फेटाळलंय, तुमच्या मुद्द्यांवर विचारच झालेला नाही. तेव्हा गैरहजेरीचं खरं कारण पुराव्यासह देऊन प्रकरण पुन्हा चालू करण्याची विनंती करता येते. दवाखान्याचं कार्ड, रेल्वेचं तिकीट, जे असेल ते जोडा.

मोकूफ आणि मुलतवी. दोन्ही म्हणजे तूर्त पुढे ढकललं. हा नकार नाही, पण पुढची तारीख लिहून घेतल्याशिवाय तिथून उठू नका. ‘हाल तुरत’ हे शब्दही असेच. ‘हाल तुरत मंजूर करी शकाय तेम नथी’ याचा अर्थ आत्ता नाही, नंतर होऊ शकेल. काय झाल्यावर होईल, ते विचारून घ्या.

मनाई हुकम. हा वेगळ्याच घरचा. कोर्टाने किंवा अधिकाऱ्याने एखादी गोष्ट करू नका असं सांगितलंय. इथे मात्र स्वतः डोकं चालवू नका, त्याच दिवशी वकील गाठा.

बांधकामाचं एक सांगायचं राहिलं. घराचा नकाशा पास झाल्याच्या कागदाला इथे ‘रजाचिठ्ठी’ म्हणतात. रजा म्हणजे परवानगी. सुट्टीला पण रजाच म्हणतात. नव्या फ्लॅटच्या व्यवहारात कुणी ‘रजाचिठ्ठी नथी’ म्हणालं तर तो फार मोठा नकार आहे, कुणी सुट्टीवर असल्याचं सांगत नाहीये. तिथे पैसे देऊ नका.

३. कारण शोधा, नसेल तर मागा

नकार ओळखला की त्याचं कारण. ते ‘सबब’, ‘तेथी’, ‘कारण के’ किंवा ‘अभावे’ या शब्दांच्या आसपास असतं. ‘पुरावाना अभावे’ म्हणजे पुरावा नाही म्हणून. ‘समय मर्यादा बहार’ म्हणजे मुदत उलटून गेली म्हणून. पैकी पहिलं कारण कागद जोडून दूर होतं, दुसऱ्यासाठी उशीर माफ करून घ्यावा लागतो.

पुष्कळ पत्रांत कारणच नसतं. ‘नियम मुजब थई शकाय तेम नथी’, बस. कोणता नियम, ते नाही. अशा वेळी गप्प बसू नका. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(घ) प्रमाणे, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणं देणं हे कचेरीचं काम आहे. एक ओळीचा अर्ज पुरतो : ‘मारी अरजी नंबर अमुक, तारीख अमुक, नामंजूर थवानां कारणो लेखितमां आपवा विनंती.’ खाली सही, पत्ता, मोबाइल.

तरी उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात फाइलवरच्या शेऱ्यांची नकल मागा. गुजरातेत राज्य सरकारच्या कचेरीला फी २० रुपये आहे, उत्तराची मुदत ३० दिवस. या एका कायद्यात नकार कसा असावा हेही लिहून ठेवलंय, ते मला फार आवडतं. माहिती नाकारताना कलम ७(८) प्रमाणे तीन गोष्टी लिहाव्याच लागतात : नाकारण्याचं कारण, अपिलाची मुदत, आणि अपील कुणाकडे करायचं ते. आणि मुदतीत काहीच उत्तर आलं नाही तर तोही नकारच धरतात. म्हणजे तिथे गप्प बसणंसुद्धा ‘नाही’ मोजलं जातं आणि त्यावर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.

भाषेची भीती बाळगू नका. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत देता येतो. इतर गाऱ्हाण्यांबद्दल संविधानाचं कलम ३५० सांगतं की केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. गुजराती नीट लिहिता येत नसेल तर स्वच्छ हिंदीत लिहा. मराठीत लिहिलेला अर्ज मात्र इथे देऊ नका. बडोदा कितीही आपलं वाटलं तरी कचेरीची भाषा आता गुजराती आहे, आणि अर्ज न वाचता बाजूला ठेवायला कुणाला निमित्त मिळू नये.

४. तारखा : कागदावरची, पाकिटावरची, पोचवरची

पाकीट फेकू नका. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण कागद जपणारे लोकसुद्धा पाकीट टाकतात. पत्रावर तारीख असते ती लिहिल्याची. ते टपालात कधी पडलं आणि तुमच्या हाती कधी आलं, हे पाकिटावरच्या शिक्क्यावरून कळतं. दोन्हींत वीस-बावीस दिवसांचं अंतर मी पाहिलंय. पाकिटाला पत्राच्या मागेच टाचणी मारा आणि कोपऱ्यात तुम्हाला मिळाल्याची तारीख लिहा.

गुजराती आकडे जपून वाचा. गुजरातीतला पाच आणि ‘प’ जवळजवळ सारखे दिसतात, दोन आणि ‘र’ही. हाताने लिहिलेल्या शेऱ्यात तर ओळखणं कठीण. ‘दिन-५’ आहे की आणखी काही, शंका आली तर टेबलावर विचारा आणि त्यांच्यासमोर पेनने मराठीत लिहून ठेवा.

अपिलाची मुदत बहुधा हुकमाच्या शेवटच्या परिच्छेदात असते. तिथे ‘आ हुकमथी नाराज थयेल पक्षकार’ असे शब्द येतात. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं होतं, कुणीतरी आमच्यावर नाराज झालंय. हा ‘नाराज’ म्हणजे ज्याला हा हुकूम मान्य नाही तो पक्ष. म्हणजे तुम्हीच. कुठे जायचं आणि किती दिवसांत जायचं हे त्याच वाक्यात असतं. आधी हा परिच्छेद शोधा, मग वरचं वाचा.

मुदत निघून गेली असेल तर सगळं संपलं असं समजू नका. मुदत कायदा १९६३, कलम ५ मध्ये पुरेसं कारण असेल तर उशीर माफ करण्याची सोय आहे, आणि कलम १२ प्रमाणे हुकमाची नकल मिळायला जितके दिवस लागले ते मुदतीतून वजा होतात. तुमच्या प्रकरणाला हे कसं लागू होतं ते वकिलाला विचारा, पण विचारायच्या आधीच ‘उशीर झाला, जाऊ दे’ म्हणून घरी बसू नका.

५. खरी नकल काढा

तुमच्याकडे आलेलं पत्र म्हणजे बरेचदा निर्णयाची नुसती खबर असते. मूळ हुकूम फाइलमध्ये असतो. अपिलाला त्याची ‘खरी नकल’ लागते, म्हणजे सही-शिक्क्याची प्रत. साधी झेरॉक्स चालत नाही. नकल-अर्ज ज्या दिवशी दिला त्याची पहोंच (पोच) ठेवा, कारण वर म्हटलं तसे ते दिवस पुढे मोजायचे असतात.

शेतजमिनीचं काम असेल तर गाव नमुना ७/१२ वर थांबू नका. ६ नंबर, म्हणजे हक्कपत्रक, मागा. महाराष्ट्रात आपण ज्याला फेरफार म्हणतो ती नोंद तिथे असते, आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘प्रमाणित’, ‘नामंजूर’, ‘रद’ किंवा ‘तकरारी’ असा शेरा. ७/१२ वर तुमचं नाव दिसत नाही एवढंच कळतं, का दिसत नाही ते ६ नंबर सांगतो.

६. तोंडी नकाराला नकार मानू नका

माझ्या मते सगळ्यात जास्त कामं अडतात ती कागदावर नाही, खिडकीवर. ‘नहीं थाय.’ ‘साहेब नथी.’ ‘ऊपर मोकल्युं छे’ (वर पाठवलंय). ‘आ अहीं नहीं, बीजे माळे.’ हे ऐकून माणूस घरी जातो आणि सगळ्यांना सांगतो की आमचा अर्ज नामंजूर झाला. अर्ज दिलेलाच नसतो, तर नामंजूर कशावर होणार? तोंडी नकारावर अपील होत नाही, माहिती मागता येत नाही, मुदतही मोजता येत नाही.

उपाय एकच. अर्ज दोन प्रतींत न्या. एक ‘आवक’ टेबलावर द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. हीच ‘पहोंच’, आपली पोच. घेत नाही म्हणाले तर शांतपणे म्हणा, ‘भाई, नथी लेवी तो लेखितमां आपो.’ म्हणजे घ्यायचा नसेल तर तसं लेखी द्या. आवाज चढवायचा नाही. मी हे वाक्य कितीतरी वेळा वापरलंय, आणि बहुतेक वेळा पलीकडचा माणूस शिक्का उचलतो. तरीही घेतलं नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती हीच तुमची पहोंच.

‘आवक’ या शब्दाचं एक लक्षात ठेवा. कचेरीत आवक म्हणजे येणारे कागद, पण ‘आवकनो दाखलो’ म्हणजे उत्पन्नाचा दाखला. माझ्या ओळखीची एक मुलगी मुलाच्या शाळेच्या कामासाठी गेली, तिला ‘आवकनो दाखलो लावो’ सांगितलं, आणि ती अर्ज आवक झाल्याची पोच घेऊन परत गेली. त्यात तिचा आख्खा आठवडा गेला.

खिडकीवर काहीच हलत नसेल तर २००३ पासून गुजरातेत ‘स्वागत’ नावाचा तक्रार निवारण कार्यक्रम आहे. त्यात तालुका आणि जिल्हा पातळीवर अर्ज देता येतो. तिथे जातानाही पहोंच लागतेच. तिच्याशिवाय तुमचं म्हणणं म्हणजे नुसतं सांगणं ठरतं.

७. आता ठरवा : पूर्तता, फेरअर्ज की अपील

हे तीन एकात एक मिसळू नका. परत किंवा दफतरे असेल तर पूर्तता. नामंजुरीचं कारण खरंच बरोबर असेल, म्हणजे कागद चुकीचा होता, नावात फरक होता, तर चूक दुरुस्त करून फेरअर्ज. कारण चुकीचं असेल किंवा तुमचं ऐकूनच घेतलं नसेल तर अपील.

रागाच्या भरात थेट अपील करणारे खूप पाहिले. साध्या नावाच्या फरकासाठी वर्षभर तारखा. ‘ज्ञानेश्वर’ एका कागदावर आणि ‘ग्नानेश्वर’ दुसऱ्या कागदावर, यासाठी नोटरीचं सोगंदनामं पुरेसं होतं. मराठी नावांचं इथे हे फार होतं, कारण ‘ज्ञ’ गुजराती माणूस ‘ग्न’ म्हणतो आणि तसाच लिहितो. ‘ळ’ आणि ‘ल’चीही अदलाबदल होते, आडनावाच्या शेवटचा ‘कर’ कुणी तोडून लिहितं, कुणी जोडून. अर्ज देण्याआधी आधार, लाइट बिल, वेरा बिल (घरपट्टीचं बिल) आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेवून नावं अक्षर-अक्षर तपासा. निम्मे नकार तिथेच टळतात.

सोबत काय असावं

एक जाड फाइल करा आणि त्यात हे ठेवा :

- नकाराचं मूळ पत्र, मागे टाचलेल्या पाकिटासह
- मूळ अर्जाची प्रत आणि पहोंच, आवक नंबर ठळक केलेला
- हुकमाची खरी नकल, किंवा नकल-अर्जाची पहोंच
- ओळख आणि पत्त्याचे पुरावे : आधार, लाइट बिल, वेरा बिल
- वारसाचं काम असेल तर मृत्यूचा दाखला, ‘पेढीनामुं’ (वंशावळ) आणि सगळ्या वारसांची सोगंदनामी. महाराष्ट्रात राहणाऱ्या बहिणी-नणंदांचीसुद्धा. हे सर्वांत जास्त विसरलं जातं.
- एक वही : कोणत्या दिवशी, कोणत्या टेबलावर, कोण काय म्हणालं

वहीबद्दल थोडं. माझ्या वहीत पहिल्या पानावर डावीकडे गुजराती शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ लिहिलेले आहेत. पहिली ओळ ‘दफतरे’ची. गेल्या वर्षी नाशिकहून एक जोडपं आमच्या गल्लीत राहायला आलं, त्यांना त्या पानाची झेरॉक्स दिली. पंधरा दिवसांनी ती मुलगी एक पत्र घेऊन आली. शेवटच्या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ होती : ‘पूर्तता अर्थे परत’. म्हणाली, ‘काकू, हा नकार नाहीये ना? लाइट बिल जोडून उद्याच देते.’